टिकलीची न बोलणारी वही

मुलांनो, क्षणभर असं समजा की तुम्ही एका बैठकीच्या खोलीत बसला आहात. डोळे मिटा, असं मी सांगणार होतो. पण मग पुढचं वाचाल कसे? तेव्हा डोळे उघडेच राहू द्या. खोलीत एक वेताची खुर्ची आहे. तिच्या बाजूच्या, दाराकडे जाणाऱ्या भिंतीला ओल आली आहे आणि त्या ओलीचा डाग अगदी बसलेल्या कोंबडीसारखा दिसतो. डागाच्या वर लंबकाचं घड्याळ आहे, ते दहा वाजून वीस मिनिटांवर कधीचं झोपी गेलं आहे. खुर्चीत एक आजोबा बसले आहेत. आठवडाभराची पांढरी दाढी, पिंजारलेले पांढरे केस, सदऱ्याची कॉलर विरलेली आणि वरून दुसरं बटण गायब. दिसलं सगळं? आता ते मनात तसंच धरून ठेवा. आपल्या गोष्टीतल्या मामालाही नेमकं तेवढंच करायचं होतं, आणि नेमकं तेवढंच त्याला जमलं नाही.

हा मामा सिनेमे करायचा. मोठ्या कंपनीचे नव्हे, स्वतःचे. लोक त्याला 'स्वतंत्र दिग्दर्शक' म्हणत. "स्वतंत्र म्हणजे," त्याची ताई समजावून सांगायची, "कॅमेराही स्वतःच उचलायचा आणि खुर्च्याही स्वतःच मांडायच्या." मामाच्या टेबलाच्या खणात सात सिनेमे होते आणि सातही अर्धे. एकातला नट बदली होऊन परगावी गेला होता. एकातल्या मांजरीला पिल्लं झाली आणि तिने पुढे काम करायला साफ नकार दिला. उरलेल्या पाचांत मात्र दोष ना नटाचा होता ना मांजरीचा. तिथे मामाला शेवटच सुचला नव्हता. शेवट जवळ आला की तो म्हणायचा, "घाई नको, अजून थोडा विचार करू," आणि विचार करता करता नवा सिनेमा सुरू करायचा.

हा आठवा सिनेमा मात्र पुरा करायचाच होता. लघुपटांच्या एका महोत्सवाला तो पाठवायची मुदत रविवारी संपत होती. शिवाय सोमवारी सिमेंटच्या कारखान्याला उत्तर द्यायचं होतं. त्या कारखान्याने मामाला कायमची नोकरी देऊ केली होती. काम सोपं होतं: 'हेल्मेट घाला', 'जिना चढताना कठडा धरा' अशा सूचनांच्या फिती वर्षभर काढत राहायच्या. "हा आठवाही अर्धा राहिला," मामाने ताईला सांगितलं होतं, "तर मी मुकाट्याने कठडा धरेन."

सिनेमाचं नाव 'थांबलेलं घर'. एक म्हातारा घरात एकटा राहतो, घरातलं सगळं जिथल्या तिथे थांबलेलं असतं, आणि एक दिवस दारावरची बेल वाजते. एवढीच गोष्ट. घर ताईचं होतं. म्हाताऱ्याचं काम त्या दोघांच्या वडिलांकडे, म्हणजे टिकलीच्या आजोबांकडे होतं. टिकली ही ताईची नऊ वर्षांची लेक. तिच्याकडे सगळ्यांत अवघड काम होतं, ते म्हणजे कंटिन्युइटी.

हा शब्द आधी समजून घेऊ. सिनेमा एका दमात काढत नाहीत. अर्धा आज, अर्धा पुढच्या आठवड्यात. पण पडद्यावर ते एकच मिनिट दिसायला हवं. आज म्हाताऱ्याच्या डाव्या हातात कप असेल, तर आठ दिवसांनीही तो डाव्याच हातात असला पाहिजे. नाहीतर कप आपोआप या हातातून त्या हातात उडी मारतो आणि प्रेक्षक हसतात. म्हणून कुणीतरी वही घेऊन सगळं टिपून ठेवायचं असतं.

पहिल्या शनिवारी, मित्राकडून मागून आणलेल्या कॅमेऱ्याने, मामाने निम्मा सिनेमा छान उरकला. बेल वाजते आणि म्हातारा खुर्चीतून उठतो, इथपर्यंत. टिकलीने वहीत कोंबडीचं चित्रसुद्धा काढलं. मग तिने विचारलं, "मामा, आजोबांचं दुसरं बटण नाहीये, ते सांगू का तुला?"

"सांगायचं नाही, लिहायचं," मामा म्हणाला. "काम चालू असताना माझं डोकं फार नाजूक असतं. कंटिन्युइटीचा माणूस बोलत नसतो, तो फक्त लिहितो. जे जे बदलेल ते लिही."

"रोज?"

"रोज लिही. पण तोंडातून अवाक्षर नाही."

जाता जाता त्याने आजोबांना आणि ताईला उभं करून छोटं भाषणही दिलं. "एक लक्षात ठेवा, या सिनेमात हे घर नुसतं घर नाही. घर हे यातलं एक पात्र आहे. लोक पडद्यावर या घराकडे बघणार आहेत. बारा फुटी पडद्यावर." एवढं बोलून तो पाच दिवसांसाठी सिमेंटच्या पोत्यांचं चित्रण करायला निघून गेला.

मुलांनो, तुमच्या घराकडे बारा फुटी पडद्यावर लोक बघणार आहेत असं तुमच्या आईला कुणी सांगितलं, तर ती काय करेल? मामाने हा विचार केला नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी दहा वाजता मामाने कॅमेरा सांभाळत बेल दाबली. दार एका अनोळखी गृहस्थांनी उघडलं. काळेभोर केस, मागे चापून बसवलेले. गाल गुळगुळीत.

"नमस्कार," मामा म्हणाला. "आमचे बाबा आहेत का घरात?"

"आहेत की," गृहस्थ म्हणाले. "तुझ्यासमोर उभे आहेत."

मामाने दाराची चौकट धरली. "बाबा! हे केस?"

"लावला रंग. न्हावी म्हणाला, सिनेमात काम करताय आणि असे जाणार? बारा फुटी पडदा म्हणालास ना तू? बारा फुटी दाढी बघून लहान मुलं रडतील."

"अहो, पण तुम्ही एकटे, उदास म्हातारे आहात!"

"उदास आहे ना, तो मी चेहऱ्याने दाखवीन. त्याला केस कशाला पांढरे लागतात?"

मामा खोलीत आला आणि जागच्या जागी थबकला. घड्याळ टिकटिक करत होतं. अगदी बरोबर वेळ दाखवत होतं. आजोबा जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आलेले, पण घरचं घड्याळ मात्र वर्षानुवर्षं बंद. सिनेमात आपली अब्रू जाईल म्हणून शुक्रवारी ते त्यांनी उघडलं आणि तासाभरात चालू केलं. सदऱ्याला बटण आलं होतं, कॉलर उलटी करून नीट शिवली होती. आणि भिंत! भिंत पिस्त्याच्या रंगाची झाली होती. कोंबडीचा मागमूसही नव्हता.

"कशी दिसते?" ताईने कौतुकाने विचारलं. "दोन वर्षं त्या रंगाऱ्याच्या मागे होते मी. म्हटलं, अहो, आमच्या घराला सिनेमात पात्राचं काम मिळालंय. तर गुरुवारी हजर! एकच हात झालाय. दुसरा हात मारायला काल येणार होता, आलाच नाही मेला."

एक हात म्हणजे रंगाचा एक थर. पण मामाला त्या घटकेला थर मोजायची शुद्ध नव्हती.

"टिकले!" तो ओरडला. "तू घरातच होतीस ना? हे सगळं तुझ्या डोळ्यांदेखत झालं?"

टिकलीने मान डोलावली आणि वही पुढे केली. मामा वाचू लागला.

'सोमवार. काही नाही. कोंबडी तशीच.

मंगळवार. आजोबांची दाढी गेली. केस काळे झाले. एक कानपण थोडा काळा झाला.

बुधवार. दुसरं बटण आलं. ते निळं आहे. बाकीची पांढरी आहेत.

गुरुवार. रंगारीकाका आले. कोंबडी गेली. मला वाईट वाटलं. हे लिहायचं असतं का ते माहीत नाही.

शुक्रवार. घड्याळ जागं झालं. रंगारीकाका आले नाहीत. आजोबा दिवसभर दाराकडे बघत होते.'

"आणि मला एक फोन नाही केलास?" मामाचा आवाज रडवेला झाला होता.

"तू म्हणालास, अवाक्षर नाही," टिकली शांतपणे म्हणाली. "आता बोलले ते चालेल का?"

मामाने मनगटावरचं घड्याळ बघितलं. संध्याकाळी सहाला कॅमेरा परत द्यायचा होता, आणि खोलीत हवं तसं तिरकं ऊन सव्वाचार ते पावणेपाच एवढाच वेळ यायचं. म्हणजे हातात सहा तास होते. सहा तासांत घर पुन्हा जुनं करायचं!

आधी दाढी. सहा तासांत दाढी काही वाढत नाही. मामाने डोकं खाजवलं आणि मार्ग काढला. "तुम्ही पाठमोरे चाला. खुर्चीतून उठून दारापर्यंत. कॅमेरा मागे. चेहरा दिसायलाच नको."

"म्हणजे माझ्या कामातला चेहराच काढून टाकलास," आजोबा म्हणाले.

"पाठीने करा अभिनय!"

चेहरा गेला तसे उरले केस. पाठमोऱ्या माणसाचं केसांखेरीज दिसतं काय? ताईने पावडरचा डबा आणला. मामाने ती आजोबांच्या डोक्यावर शिंपडली. डोकं छान पांढरं झालं. मग आजोबा शिंकले आणि डोकं पुन्हा काळं झालं. मामाने पुन्हा पावडर टाकली. आजोबा पुन्हा शिंकले. असं चार वेळा झाल्यावर टिकलीने वहीत लिहिलं, 'शिंका चार. डबा अर्धा.'

भिंतीसाठी मामाने पातेलंभर कडक चहा उकळला.

"त्या भिंतीला हात लावशील तर बघ," ताई म्हणाली. "परवाचा रंग आहे तो!"

"ताई, कलेसाठी थोडा त्याग करावा लागतो."

"मग तू कर. माझ्या भिंतीने का करायचा?"

पण ती स्वयंपाकघरात वळली आणि मामाने टिकलीच्या वहीतली कोंबडी बघून भिंतीवर चहाचा बोळा फिरवला. कोंबडी सुरेख उठली. दोन मिनिटांनी तिला पाय फुटले. चहा ओघळत खाली गेला, पाय लांब लांब होत जमिनीला टेकले, आणि कोंबडीचा बगळा झाला. मामा तो पुसायला गेल्यावर बगळ्याशेजारी आणखी एक बगळा तयार झाला. ताई बाहेर आली, तिने भिंतीकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं, आणि चहाचं पातेलं उचलून ती आत घेऊन गेली.

घड्याळावर मामाने टॉवेल टाकला. आजोबांनी तो काढला. मामाने पुन्हा टाकला.

"बंद घड्याळ मी चालू करीन," आजोबा टॉवेलाची घडी घालत म्हणाले, "पण चालू घड्याळ बंद करायला माझा हात वळणार नाही. तुझा सिनेमा थांबला तरी चालेल."

शेवटी घड्याळ कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर राहील असं ठरलं. दुपारभर तालीम झाली. टिकली बाहेर जाऊन बेल दाबायची, आजोबा खुर्चीतून उठायचे आणि चार पावलं टाकायचे. अकरा वेळा झालं. अकराव्या वेळी तर बेलचा आवाज कानावर पडताच आजोबांचे गुडघे आपोआप सरळ होऊ लागले.

सव्वाचारला खिडकीतून ऊन आलं. जमिनीवर, दारापर्यंत, सोनेरी पट्टा पसरला. मामाने डब्यातली शेवटची पावडर आजोबांच्या डोक्यावर हलक्या हाताने भुरभुरली. "आता शिंकायचं नाही. डबा संपला." टिकली वही घेऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. बेल तोंडानेच वाजवायची असं ठरलं. मामाने कॅमेरा सुरू केला.

"थांब," आजोबा खुर्चीतून म्हणाले. "चार पावलं झाल्यावर काय?"

"दार उघडायचं."

"दारात कोण आहे?"

मामाने कॅमेऱ्याचा पट्टा उगाच नीट केला.

"अरे, कोण आलंय?"

"ते... प्रेक्षकांवर सोडावं का, असा विचार चालू आहे."

"प्रेक्षकांवर सोड बापडा. पण दार मी उघडणार. मला तर कळू दे! मुलगा आला तर मी एक चेहरा करीन, टपाल आलं तर दुसरा."

"चेहरा दिसत नाहीये, बाबा."

"पाठसुद्धा वेगळी होते!"

मामाने पाच अर्धे सिनेमे आठवले. पाचही वेळा तो असाच एका दारापाशी येऊन थांबला होता. बाहेर कोण आहे हे त्याला तेव्हाही ठाऊक नव्हतं आणि आताही नव्हतं. घड्याळ टिकटिकत होतं, ऊन हळूहळू सरकत होतं. तो जमिनीवर मटकन बसला.

"राहू द्या, बाबा," तो म्हणाला. "नाही जमत मला. सोमवारी कारखान्याला हो म्हणून कळवतो."

आजोबांनी खुर्चीच्या हातावर बोटं फिरवली. आणि तेवढ्यात बेल वाजली.

टिकली तर आतच होती. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मग बेल कुणी वाजवली? हा प्रश्न सगळ्यांना पडला, फक्त आजोबांच्या गुडघ्यांना पडला नाही. ते सरळ झाले. आजोबा उठले आणि दाराकडे चालू लागले.

"बाबा, अहो..." मामा म्हणणार होता, पण त्याच्या नाकासमोर एक वही आली. टिकलीने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'कॅमेरा चालू आहे. ऊन पण आहे.'

मामाने स्वतःचं तोंड स्वतःच्या हाताने दाबलं.

आजोबा उन्हाच्या पट्ट्यात शिरले. प्रत्येक पावलाबरोबर डोक्यावरची पावडर उडू लागली. पहिल्या पावलाला थोडी, दुसऱ्याला जास्त. ती उन्हात सोन्याच्या धुळीसारखी तरंगत राहिली आणि त्या धुळीतून चालणाऱ्या माणसाचे पांढरे केस करडे झाले, करड्याचे काळे झाले. दारापाशी पोचेपर्यंत खुर्चीतून उठलेला तो म्हातारा वीस वर्षांनी तरुण झाला होता.

त्यांनी दार उघडलं. दारात रंगारी उभा होता. हातात बादली, खांद्यावर ब्रश.

"दुसरा हात राहिलाय, काका," तो म्हणाला. "काल जमलं नाही."

आजोबांनी दार पुरतं उघडलं. "मला वाटलं, आता तुम्ही येतच नाही."

"येणार कसं नाही? एका हातावर भिंत सोडून जातात का कुणी?"

आजोबांची पाठ हसली. खरं सांगतो, पाठ हसली. ते बाजूला झाले आणि रंगारी आत आला. मग त्याची नजर भिंतीवर गेली. "अरे देवा! हे बगळे कुणी काढले?"

मामाने झडप घालून कॅमेरा बंद केला.

सगळे कॅमेऱ्याच्या लहानशा पडद्यावर डोकी जोडून बघत बसले. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. बगळेसुद्धा धुळीमुळे अंधूक झाले होते. जुन्या ओलीसारखेच दिसत होते.

"हा चालतोय तो कोण?" आजोबांनी विचारलं.

"तुम्हीच, बाबा."

"बरा चालतो," आजोबा म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला.

ताईने सगळ्यांसाठी चहा टाकला. रंगाऱ्याने चहा घेतला आणि दुसऱ्या हाताने बगळे झाकून टाकले. मामाने टिकलीला जवळ बसवून वही परत दिली. "टिकले, चुकलं माझं. नियम बदलला. यापुढे चूक दिसली की नुसती लिहायची नाही. तिथल्या तिथे बोलायचं. मोठ्याने. मी कितीही महत्त्वाचं काम करत असलो तरी."

"नक्की?"

"नक्की."

टिकलीने हा नियमही तारखेसकट लिहून घेतला. रविवारी सिनेमा गेला आणि सोमवारी कारखान्याला नकार.

दोन महिन्यांनी महोत्सवात 'थांबलेलं घर' दाखवला गेला. पहिल्या रांगेत नव्या सदऱ्यात आजोबा होते, शेजारी ताई आणि टिकली, आणि त्यांच्यापलीकडे भांग पाडून आलेला रंगारी. शेवटचं दृश्य संपलं. मग कडकडून टाळ्या पडल्या. मामाला मंचावर बोलावलं. परीक्षक बाईंनी चष्मा सारखा करून विचारलं, "माणूस दाराकडे जाताना तरुण होत जातो, ही कल्पना तुम्हाला सुचली तरी कशी?"

मुलांनो, मामा खोटारडा नव्हता. पण तीनशे माणसं टाळ्या वाजवत असली की भल्याभल्यांची जीभ थोडी सैल सुटते. त्याने पाण्याचा घोट घेतला.

"त्याचं असं आहे," तो संथपणे म्हणाला, "ती कल्पना बरीच वर्षं माझ्या मनात घोळत होती. त्या सोनेरी धुळीसाठी आम्ही एक वेगळं तंत्र वापरलं. आणि रंगाऱ्याच्या पात्रावर तर मी सहा महिने विचार केला."

रंगारी चमकून खुर्चीत सरळ बसला. आजोबा खोकले. ताईने कपाळाला हात लावला.

टिकलीने मामाकडे पाहिलं. मामा खूप महत्त्वाचं काम करत होता, यात शंका नव्हती. पण नियम तारखेसकट लिहिलेला होता. म्हणून ती बूट काढून खुर्चीवर उभी राहिली, वहीचं मंगळवारचं पान उघडलं, घसा साफ केला आणि मोठ्याने वाचायला लागली.